औषधाचा नफा आणि वैद्याचा विवेक

वैद्याने रुग्णाला औषध सुचवावे आणि त्याच औषधाच्या विक्रीतून नफाही मिळवावा, हे नीतीला धरून आहे काय? प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील कर्करोग व रक्तविकार तज्ज्ञांच्या संदर्भात मात्र तो आकड्यांनिशी तपासता येतो, म्हणून ते उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

तेथील वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना १९६५ च्या कायद्याने आली. शिरेतून द्यावयाची कर्करोगाची औषधे बहुधा तज्ज्ञ स्वतः विकत घेतो, आपल्या दवाखान्यात देतो आणि मागाहून मेडिकेअरकडून पैसे वसूल करतो. २००३ पर्यंत हे पैसे जाहीर घाऊक किमतीच्या ९५ टक्के दराने मिळत. ती किंमत पुष्कळदा कागदोपत्रीच असे. प्रत्यक्ष खरेदी बरीच स्वस्तात होई आणि मधला फरक तज्ज्ञाच्या पदरी पडे. परिचारिका व देखरेख यांचा मोबदला अपुरा मिळतो, तो यातून भरून निघतो, असे समर्थन केले जाई. आणि ते अगदीच निराधार नव्हते.

२००३ च्या कायद्याने ही रीत बदलली. औषध देण्याच्या कामाचा मोबदला वाढवण्यात आला आणि २००५ पासून औषधासाठी सरासरी विक्री किंमत व तिच्यावर ६ टक्के असा दर ठरला. नफा घटला, तेव्हा उपचारही घटतील अशी भीती होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळेच आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून महिन्याभरात केमोथेरपी मिळण्याचे प्रमाण १६.५ वरून १८.९ टक्क्यांवर गेले. ज्याचा नफा फार घसरला त्या कार्बोप्लॅटिनचा वापर कमी झाला, तर डोसेटॅक्सेलचा वाढला.

याला लोभ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ही दोन्ही औषधे मान्यताप्राप्त आहेत आणि प्रत्येक तज्ज्ञाला आपल्या निवडीचे वैद्यकीय कारण प्रामाणिकपणे देता आले असते. खरी अडचण येथेच आहे. स्वार्थ विवेकाला उघड आज्ञा करीत नाही. पारडी समतोल असतात, तेव्हा तो हळूच एका बाजूला बोट लावतो. ज्याच्या हातात तराजू आहे त्यालाही ते जाणवत नाही.

शिवाय टक्केवारीचे स्वतःचे एक तर्कशास्त्र असते. शंभर डॉलरच्या औषधावर सहा डॉलर, तर दहा हजारांच्या औषधावर सहाशे. वैद्याचे श्रम मात्र तेवढेच. रुग्णाला सामान्यतः किमतीचा पाचवा हिस्सा सोसावा लागतो, म्हणजे महाग निवडीचा भार त्याच्यावरही पडतो. २०१६ साली हा दर अडीच टक्के व प्रत्येक वेळी १६.८० डॉलर असा करण्याचा प्रस्ताव आला. कर्करोग तज्ज्ञांनी त्याला जोरदार विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे पडला. या विरोधात केवळ स्वार्थ पाहणेही अन्यायाचे होईल. मोठ्या रुग्णालयांइतक्या स्वस्तात खरेदी करू न शकणाऱ्या लहान दवाखान्याला प्रत्येक मात्रेमागे तोटा होऊ लागला, तर तो रुग्णाला दूरच्या रुग्णालयाकडे पाठवील. नफा कापला म्हणजे नीती आपोआप अवतरते, असे नाही.

तेव्हा प्रश्न वैद्याच्या चारित्र्याइतकाच दर ठरवणाऱ्या समाजाच्या चारित्र्याचाही आहे. वैद्याकडून निष्काम वृत्तीची अपेक्षा करावयाची आणि त्याच्याभोवती व्यवस्था मात्र सकाम उभारावयाची, ही विसंगती आपली आहे. वस्तूची किंमत वस्तूला आणि निर्णयाचे मोल निर्णयाला, अशी फारकत केल्याखेरीज ती मिटणार नाही. कारण कर्करोग तज्ज्ञाचे सर्वांत कठीण कर्तव्य कित्येकदा औषध देण्याचे नसतेच. रुग्णाजवळ तासभर बसून, आता औषध थांबवणेच हिताचे आहे, हे त्याला सांगण्याचे असते. त्या तासावर कोणतीच टक्केवारी मिळत नाही.