देवराईतली घाणेरी

आषाढी एकादशीचं ताट एकदा नीट पाहा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. शेजारी भगर, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, भुईमूग, मिरची, रताळं, राजगिरा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. युरोपच्या गलबतांबरोबर गेल्या चार-पाचशे वर्षांत ते इकडे आले. ज्या तांदळाला इथे हजारो वर्षं झाली तो एकादशीला चालत नाही. सगळ्यात एकटी भगर काय ती घरची. दसऱ्याला दारावर आणि गाडीवर चढणारा झेंडू मेक्सिकोचा. गोरखनाथांचं नाव मिरवणारी गोरखचिंच आफ्रिकेची. विठोबाने किंवा देवीने यातल्या कशालाही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

मी पुण्यात तत्त्वज्ञान विषयात एम.ए. करते. शेवटच्या वर्षी एक स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. मी विषय घेतला: पर्यावरणाकडे पाहण्याच्या वृत्ती आणि देशी झाडं. मार्गदर्शक सर म्हणाले, ‘हे वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत शोभेल.’ माझा प्रश्न मात्र साधा होता आणि तो तत्त्वज्ञानाचाच होता. एखादं झाड ‘इथलं’ आहे म्हणून त्याला जास्त हक्क कसा मिळतो? आणि देवाच्या नावाने रान राखणाऱ्या माणसाला हा भेद मान्य आहे का?

विचारायला दोन जागा निवडल्या. एक पुण्याच्या टेकड्या, दुसरी मुळशी खोऱ्यातल्या माझ्या आजोळची देवराई. टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्यांना विचारलं, ‘हे झाड इथलं आहे का?’ बहुतेकांचं उत्तर एकच: ‘झाड ते झाड, ऑक्सिजन देतं ना!’ त्यांच्या मागे उभी असायची ती ग्लिरिसिडिया, म्हणजे सरकारी भाषेत गिरिपुष्प आणि लोकांच्या तोंडी उंदीरमारी. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड. काठी रोवली तरी जगतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून वनीकरणाचं फार लाडकं. या टेकड्यांवर पूर्वी प्रामुख्याने गवत होतं, मधूनच विरळ झाडं. पण गवताला आपण ओसाड म्हणतो, त्यामुळे तिथे झाड लावणं हे पुण्यकर्म ठरलं. दरवर्षी जूनमध्ये वृक्षारोपणाचा फलक लागतो, त्यावर तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला तो अभंग असतो आणि खाली काळ्या पिशव्यांत गुलमोहराची रोपं. गुलमोहर मादागास्करचा. 2017 ते 2019 या तीन वर्षांत महाराष्ट्रात 50 कोटी झाडांचा संकल्प झाला. 2019चा आकडा एकट्याने 33 कोटींचा होता. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. कोणती झाडं, हे टेकडीवर मला कुणीही सांगू शकलं नाही.

गावात हाच प्रश्न विचारला, तर उलट प्रश्न आला: ‘कुठलं म्हंजे? देवाचं का मानसाचं?’

मी वहीत ‘देशी’ आणि ‘परदेशी’ असे दोन रकाने आखले होते. शहराने त्यावर ‘हिरवं’ एवढंच लिहिलं आणि गावाने मालकी विचारली. माझ्या रकान्यांत कुणालाच रस नव्हता.

देवराईबद्दल शहरात एक गोड समजूत आहे, की आपले पूर्वज निसर्गप्रेमी होते. लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 साली एका गाजलेल्या लेखात पाश्चात्त्य पर्यावरण-संकटाचं मूळ ख्रिस्ती धर्मविचारात शोधलं. त्याचा आधार घेत आपल्याकडचे लोक सुखाने सांगतात, आम्ही तर वृक्षपूजक, आमचं बरं आहे. इतिहासकार रामचंद्र गुहांनी 1989 साली पौर्वात्य परंपरांच्या अशा सरसकट गौरवावर टीका केली आणि ती मला पटते. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे येतात. दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो, आणि तो पुरला नाही की कांचनाची पानं सोनं म्हणून खपतात. हेही वृक्षपूजनच.

देवराईच्या मुळाशी प्रेम नसून धाक आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. इतिहासकार दामोदर कोसंबींनी 1962च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त रानातल्या अशा देवतांचं मूळ शेतीच्याही आधीच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजापर्यंत नेलं. मूर्ती नाही, नवरा नाही, शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे अनघड दगड, आणि भोवती रान. त्या रानातली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. नेली तर देवी बघून घेते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या या राया पालथ्या घातल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तोडली जाणार होती, तेव्हा ती वाचवा म्हणून लोकांनीच त्यांना गाठलं होतं, कारण गावाचं पाणी त्या राईतून येत होतं. देवी, धाक आणि पाणी असा तो रोखठोक व्यवहार होता.

आमच्या राईतही ओढा आहे. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनीची जाळी, भेरली माड, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेली, हातभर शेंगांची गारंबी. पूजा गुरवआबांकडे. त्यांचं वय त्यांनाही ठाऊक नाही. मी गेले तेव्हा गावात वाद पेटला होता. राईत घाणेरी घुसली होती.

घाणेरी, कुणी टणटणी म्हणतात, तीही अमेरिकेची. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली आणि तिथून तिने देश व्यापला. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी वाटेल तिथे टाकतात. तिच्या जाळीखाली दुसरं रोप सहसा उठत नाही. कॉलेजात जाणारी गावची पोरं म्हणाली, कोयते घेऊ आणि एका रविवारात साफ करू. आबा म्हणाले, राईत कोयता जाणार नाही.

मी मध्ये पडले. ‘आबा, पण घाणेरी देवीची कशी? ती बाहेरून आलीय.’

‘राईत उगावलं त्ये देवीचं.’

‘बी बुलबुलानं टाकलं.’

‘मग बुलबुल कुनाचा?’

या प्रश्नावर माझ्या विभागातले सगळे बसले तरी पुरे पडणार नाहीत. जैन विचाराने पाहिलं तर घाणेरी हाही एकेंद्रिय जीव, उपटणं म्हणजे हिंसा. अल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनाधिकाऱ्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1949 साली आलं. त्याच्या मते माती, पाणी, झाडं, जनावरं मिळून एक समाज होतो आणि कृतीचं बरंवाईट त्या समाजाच्या धडधाकटपणावरून ठरवायचं. त्याच्या हिशेबाने घाणेरी गेली पाहिजे. आबांच्या हिशेबाने, कोण राहावं आणि कोण जावं हे ठरवणारे आपण कोण?

लिओपोल्ड माझ्या जवळचा, पण आबांचा संशय मला झटकता येईना. कारण टेकडीवर ग्लिरिसिडिया लावणारेही झाडांवर प्रेम करणारेच होते आणि त्यांचीही खात्री पक्की होती. आमच्या खोऱ्यात हेच झाड भाताच्या बांधांवर आलं ते चारसूत्री लागवडीबरोबर. त्याचा पाला चिखलात गाडला की युरिया कमी लागतो, आणि हे खरंच आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी शहाण्या माणसाने चांगल्या हेतूने निवड केली होती. न निवडण्याचा नियम शेकडो वर्षं टिकला, निवडण्याचे नियम दर वीस वर्षांनी बदलले.

शिवाय ‘बाहेरचे’ हा शब्द माझ्या कानाला टोचतो. सेनापती बापट ज्या सत्याग्रहामुळे सेनापती झाले, त्या मुळशीच्या धरणात आजोळचं जुनं गाव गेलं. माणसं वरच्या अंगाला येऊन वसली. चौथी पिढी झाली तरी पहिल्यापासूनच्या वाडीतले म्हातारे आम्हाला अजून ‘बुडीतली’ म्हणतात. झाडाचा जन्मदाखला तपासणारी जीभ माणसाकडे वळायला वेळ लागत नाही.

म्हणून ‘देशी’ची माझी व्याख्या मी जन्मावरून काढून नात्यावर नेली. उंबराचं फूल फळाच्या पोटात असतं. एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी आत शिरून परागण करते. उंबर नाही तर ती माशी नाही, ती माशी नाही तर उंबराला बी नाही. रुईच्या पानांवर कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात. इथलं असणं म्हणजे असं कुणाच्या तरी जगण्यात गुंतलेलं असणं. या मापाने परसातला झेंडू निरुपद्रवी पाहुणा आहे, त्याला हाकलायचं कारण नाही. चिंच तर इतक्या आधी आली की ती आता घरचीच. घाणेरीवरही फुलपाखरं येतात, बुलबुल येतात, हे मान्य. पण ती जिथे माजते तिथे बाकीच्यांची नाती तुटतात. दोष तिच्या गावाचा नाही, वागण्याचा आहे.

एवढ्यावर प्रबंध संपला असता. पण एक गोष्ट राईतच दिसली. घाणेरी सगळीकडे नव्हती. ओढ्याकाठी, अंजनीच्या दाटीत, माडांखाली तिचं एकही रोप नव्हतं. ती होती फक्त देवळाभोवती आणि तिथून रस्त्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात. कारण सरळ आहे: घाणेरीला ऊन लागतं. दाट सावलीत ती धड वाढत नाही. म्हणजे ‘काटकीही न्यायची नाही’ हा नियम नुसता कुऱ्हाड अडवत नव्हता, सावली राखून बीही अडवत होता.

मग ऊन आलं कुठून? देवळातून. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. तांदळ्यावर जुनं कौलारू छप्पर होतं, तिथे स्लॅब पडला, संगमरवरी मूर्ती आली, पुढे पत्र्याचा मंडप, पेव्हर ब्लॉक, गाडी वळायला जागा. त्यासाठी मोठी जांभळं आणि एक आंबा पाडला. विनापरवाना नव्हे. रीतसर कौल लावला होता. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली की होकार. उजवी पडली. पैसा मुंबईत डबे पोचवणाऱ्या आमच्याच मामालोकांनी घामाचा घातला होता, आणि भक्तीनेच घातला होता. घाणेरीचं बी इतकी वर्षं बुलबुल टाकत असणारच. त्याला रुजायला जागा आपण दिली.

हे मी आबांना म्हटलं. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, ‘देवळाचा कौल घेतला तवा उजेडाचं कुनी इचारलं न्हाई.’

माझ्या अभ्यासातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. माझं मत त्यावरच उभं आहे. जिथे माणसाचा हात पोचला नाही तिथे आबांचा नियम खरा: निवडू नका, लांब राहा. जिथे आपण सावली मोडली तिथे लांब राहणं म्हणजे अंग काढून घेणं. तिथे घाणेरी मुळासकट, हाताने उपटावी आणि राईतल्याच बियांची रोपं करून ती मोकळीक बुजवावी, कोयता न नेता. आपण जेवढं उघडं पाडलं तेवढंच झाकण्याचा अधिकार आपल्याला आहे, त्याच्या पुढचा नाही.

शिमग्याला पोरांनी घाणेरीसाठी कौल लावला. डावी कळी पडली. घाणेरी आहे तिथे आहे. आबा म्हणतात, पुढल्या साली पुन्हा विचारू, पण यावेळी सावलीचं नाव घेऊन विचारू.

तोवर एक विनंती, पुण्या-मुंबईत राहून गावच्या देवळाला वर्गणी देणाऱ्या सगळ्यांना. पावती फाडण्याआधी समितीला विचारा: चौकटीचं लाकूड कुठलं, फरशी कुठपर्यंत जाणार, गाडी वळवायला किती झाडं पडणार? उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशात राहू द्या.