सुखाचे ऋण

सुखाचा उपभोग निर्दोष केव्हा ठरतो, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराला नवा नाही. त्यागाची महती सांगणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि गृहस्थाश्रमाला इतर सर्व आश्रमांचा आधार मानणारेही थोडे नाहीत. या दोहोंच्या मध्ये सामान्य संसारी माणूस उभा असतो. त्याला सुख हवे असते. पण ते हाती येताच आपण कोणाच्या वाट्यातले तर घेतले नाही ना, अशी शंका त्याच्या मनाला चाटून जाते. ही शंका ज्याला कधीच येत नाही तो निर्ढावलेला म्हणावा लागेल. आणि जो तिच्यातून कधीच बाहेर पडत नाही, त्याच्या घरात हसण्याचा आवाज उमटणे कठीण. या शंकेचा विचार येथे एका अगदी आधुनिक उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहराच्या नैर्ऋत्येस, दक्षिण महासागराच्या कडेने एक रस्ता जातो. त्याला ‘ग्रेट ओशन रोड’ म्हणतात. टॉर्की या गावापासून अॅलन्सफर्डपर्यंत त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे. पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाच्या डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगराचा कडा, आणि मध्ये वळणे घेत जाणारी ही वाट. मेलबर्नमध्ये आज मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. माझ्या एका वृद्ध स्नेह्यांचा मुलगा व सून तेथेच असतात. त्या दोघांनी वरचे छप्पर उघडता येणारी, दोनच आसनांची एक स्पोर्ट्स कार तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि हा सारा किनारा पालथा घातला. त्या प्रवासातील छायाचित्रे स्नेह्यांनी मला दाखविली. सुनेचे केस वाऱ्यावर उडत आहेत, मुलगा मोठ्याने हसत आहे, मागे निळा समुद्र आहे. मला चित्र आवडले. स्नेह्यांना आवडले नव्हते.

ते म्हणाले, “तीन दिवसांच्या गाडीभाड्यात आमच्या अग्रशाळेची एक खोली शाकारून झाली असती. आणि गाडी तरी कसली, तर दोन माणसांची! म्हातारी आई बसेन म्हणाली तर तिला जागा नाही. उद्या मूल झाले तर त्यालाही नाही.”

हे गृहस्थ कृपण नव्हेत. त्यांचे अर्धे आयुष्य देवस्थानच्या कामात गेले आहे, आणि स्वतःसाठी त्यांनी फारसे काही मागितलेले नाही. म्हणूनच त्यांचे म्हणणे हसून सोडून देण्याजोगे नाही. त्यात दोन आक्षेप आहेत. एक असा की, जे धन दानाला लागले असते ते भोगाला लागले. दुसरा, अधिक खोल, असा की या भोगात तिसऱ्याला जागाच ठेवलेली नाही.

पहिल्या आक्षेपाचा विचार करताना आपल्या विवाहविधीचे स्मरण करावे. सप्तपदीची सात पावले आपण सर्वांनी पाहिली आहेत. बहुतेकांनी ती चाललेलीही आहेत. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या पुष्टीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे प्रजेसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. यात सुखाचे पाऊल वेगळे मोजलेले आहे. धन आणि संतती यांच्या मध्ये त्याला स्वतःचे स्थान आहे. ते कोणत्याही कर्तव्याच्या पोटात दडपून टाकलेले नाही. अग्नीच्या साक्षीने ज्याचा संकल्प केला, ते पुढे आयुष्यात प्रत्यक्ष घडले तर त्याला अपराध कसे म्हणावे? ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्रही भोगाला ‘नको’ म्हणत नाही. त्यागाच्या वृत्तीने भोग घ्यावा, एवढेच तो सांगतो.

आणि दानाचे म्हणाल, तर अग्रशाळेची खोली शाकारावयाची ती कशासाठी? दूरवरून कुलदैवताच्या दर्शनास आलेल्या कुटुंबाने पावसाळ्याच्या रात्री तेथे कोरड्या अंथरुणावर सुखाने झोपावे, सकाळी तळीच्या काठी मुलांनी बागडावे, यासाठीच ना? इष्ट आणि पूर्त असे धर्मकर्माचे दोन भाग आपल्या शास्त्राने केले. विहिरी, तळी, वृक्ष, धर्मशाळा हे सर्व पूर्तात येते. या पूर्ताचे फळ शेवटी कोणाच्या तरी सुखातच दिसते. अहल्याबाई होळकरांनी काशीपासून अनेक तीर्थांच्या ठिकाणी घाट व देवळे बांधविली. त्या घाटावर स्नान करून प्रसन्न होणारा यात्रेकरू त्यांच्या दानाचा अपव्यय करीत नाही, तो ते सार्थ करतो. सुख हेच पाप असेल तर दुसऱ्याला सुख देणारे दानही व्यर्थ ठरेल. असे कोणी मानीत नाही. माझे स्नेहीही मानीत नाहीत.

आता दुसरा आक्षेप. दोन आसनांच्या गाडीत तिसऱ्याला खरोखरच जागा नाही काय? याचे उत्तर त्या रस्त्याच्याच इतिहासात आहे.

हा रस्ता सरकारी अंदाजपत्रकातून सहज उपजलेला नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे ६० हजारांच्या आसपास सैनिक कामी आले. जे परतले त्यांना काम हवे होते, आणि जे परतले नाहीत त्यांचे स्मारक हवे होते. त्या राज्याच्या रस्तेमंडळाचे अध्यक्ष विल्यम कॅल्डर यांनी सैनिकांच्या हातून असे रस्ते करून घेण्याची कल्पना मांडली. जिलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी १९१८ मध्ये त्यासाठी एक विश्वस्त मंडळ उभे केले आणि स्वतःच्या पदरचे ३००० पौंड त्यात घातले. सप्टेंबर १९१९ मध्ये काम सुरू झाले. सुमारे ३००० परतलेले सैनिक कुदळ, फावडे आणि सुरुंगाची दारू घेऊन कडा फोडू लागले. दिवसाचे आठ तास काम, मजुरी साडेदहा शिलिंग, राहावयास तंबू. काही जण त्या कामात दगावलेही. नोव्हेंबर १९३२ मध्ये रस्ता समारंभपूर्वक खुला झाला. हिचकॉक तो सोहळा पाहावयास उरले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले होते. मिरवणुकीत गव्हर्नरच्या मोटारीमागून हिचकॉक यांची मोटार चालविण्यात आली.

म्हणजे हा रस्ता मुळात एक स्मारक आहे. जगातील सर्वांत मोठे युद्धस्मारक असेच त्याचे वर्णन केले जाते. येथे आमच्या स्नेह्यांनी न घेतलेला तिसरा आक्षेप आपणच घेऊ या: जेथे मृतांचे स्मरण करावयाचे, तेथून केस उडवीत, हसत जाणे हा त्यांचा अनादर नव्हे काय?

याचे उत्तर मला आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर सापडते. कित्येक देवळांत पायऱ्यांच्या दगडांवर आणि फरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. नाव उंच भिंतीवर लावता आले असते; पण येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्या नावावर पडावी, अशीच त्या दात्यांची इच्छा असते. त्या नावावर पाय ठेवून गाभाऱ्याकडे जाणारा मनुष्य अवमान करीत नाही. दात्याने इच्छिले तेच करतो. ज्यांनी मृतांसाठी स्तंभ न उभारता रस्ता केला, त्यांनीही हेच केले. स्तंभाशी मान खाली घालून उभे राहावे लागते. रस्त्यावरून चालावे, धावावे लागते. जिवंत माणसांनी येथून आनंदाने जावे, हा या स्मारकाचा अंगभूत अर्थ आहे. ते बांधणारेही आनंदाचे वैरी नव्हते. त्यांच्या तंबूंच्या वस्तीत पियानो होता, ग्रामोफोन होता, खेळ होते. मृत्यू जवळून पाहिलेली ती माणसे संध्याकाळी समुद्राकाठी संगीत ऐकत होती.

तेव्हा आक्षेप हसण्याला नाही. तो असेल तर विसरण्याला आहे.

यावर कोणी म्हणेल, “त्या मजुरांना मजुरी मिळाली होती. रस्त्यावर टोल होता, तो प्रवाशांनी भरला. १९३६ मध्ये रस्ता सरकारच्या स्वाधीन झाला आणि टोल बंद झाला. हिशेब पुरा झाला. मग ऋण कसले?” हा प्रश्न चुकीचा नाही, मात्र त्यात कर्ज आणि ऋण यांची गल्लत झालेली आहे. कर्ज ज्याचे घेतले त्यालाच परत करावयाचे असते, आणि ते केले की संपते. ऋणाचे तसे नाही. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे वैदिक परंपरा मानते. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण सांगितलेले आहे. ही ऋणे फेडण्याची रीत पाहावी. ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि ती विद्या पुढे चालविण्याने फिटते. ऋषींना काही परत पाठवावयाचे नसते. पितरांचे ऋण पुढच्या पिढीला जन्म देऊन, वाढवून फिटते. मनुष्यांचे ऋण दारी आलेल्या अतिथीला अन्न आणि आसरा देऊन फिटते. आपल्याला ज्याने एके काळी जेवू घातले तोच परत दारी येईल, असे नव्हे. मागून आलेले पुढे द्यावे, हा ऋणाचा धर्म आहे.

या दृष्टीने पाहिले तर त्या दोन आसनांच्या गाडीत तिसरा कोण, हे दिसू लागते. मागे रस्ता खोदणारे आहेत; पुढे त्याच रस्त्याने येणारे आहेत. आणि आणखीही कोणी आहेत. रस्ता होण्यापूर्वी, गोऱ्या वसाहतीच्याही कितीतरी आधीपासून, त्या किनाऱ्यावर वाडावुरुंग, गाडुबनुड आदी मूळ जमाती राहत होत्या. एकोणिसाव्या शतकात वसाहतीने त्यांची भूमी घेतली, आणि गाडुबनुड लोक तर जवळजवळ नामशेष झाले. युद्धात पडलेल्यांसाठी स्मारक झाले. जमीन गमावलेल्यांचे नाव कित्येक वर्षे कोणत्याही दगडावर आले नाही. सर्वांत कठीण ऋण ते, जे वहीत मांडलेलेच नसते. २०२० मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने या रस्त्याच्या व किनाऱ्याच्या रक्षणासाठी कायदा केला. त्यात या साऱ्या प्रदेशाला एक सजीव, अखंड वस्तू मानले आणि ईस्टर्न मार व वाडावुरुंग या मूळ रहिवाशांचा भूमीशी असलेला संबंध मान्य केला. उशिरा का होईना, वहीत एक ओळ लिहिली गेली.

पुढे येणाऱ्यांचा विचार तर अधिकच निकडीचा आहे. तो किनारा स्थिर नाही. लंडन ब्रिज नावाच्या खडकाच्या कमानीचा किनाऱ्याकडील भाग जानेवारी १९९० मध्ये समुद्रात कोसळला, आणि पलीकडे अडकलेल्या दोन प्रवाशांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खडकांपैकी एक जुलै २००५ मध्ये ढासळला. ही लाटांची सनातन कारागिरी झाली. परंतु अपोलो बे गावाजवळ लाटा किनारा खात रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या, आणि तेथे दगडांचे बांध घालावे लागले. समुद्राची पातळी जगभर वाढत आहे, आणि त्या वाढीत पेट्रोलच्या धुराचा वाटा आहे. ज्या गाडीतून तो समुद्र पाहावयाचा, तिचाच धूर तो समुद्र रस्त्यावर आणण्यास कणभर हातभार लावतो. हा कण लहान आहे, म्हणून तो नाहीच असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

मग त्या दांपत्याने जाऊच नये काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी जावे, परंतु ऋणाईत म्हणून जावे, मालक म्हणून नव्हे. ऋणाईताचे वागणे लहान लहान गोष्टींत दिसते. तो वळणावर वेग आवरतो, कारण समोरून येणाऱ्याचाही रस्त्यावर हक्क आहे. मागे गाड्या साचल्या तर तो बाजूला होऊन वाट देतो. ईस्टर्न व्ह्यू येथे सैनिकांच्या स्मरणार्थ लाकडी कमान आहे. १९८३ च्या वणव्यात ती जळाली आणि लोकांनी ती पुन्हा उभारली. ऋणाईत तेथे छायाचित्रापुरता न थांबता तिच्यावरची अक्षरे वाचतो. घरी परतल्यावर आपण घेतलेल्या सुखाचा काही अंश कोणाकडे तरी पोहोचवितो. तो अंश अग्रशाळेच्या छपरावर जाईल, किंवा पुढच्या सुटीत आईसाठी चार आसनांची गाडी घेण्यात जाईल. दोन आसनांची गाडी तीन दिवसांपुरती शोभते. दोन आसनांचा संसार शोभत नाही. सप्तपदीतही सुखाच्या चौथ्या पावलावर कोणी थांबत नाही, हे विसरू नये.

हा विचार ऑस्ट्रेलियापुरता नाही. गोमंतकात मांडवी आणि झुआरी यांवरून आज आपण काही मिनिटांत पार होतो. मांडवीवरचा १९७० मधील पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्यानंतर लोकांना पुन्हा नावेची वाट धरावी लागली, आणि पुढे नवे पूल उभे राहिले. ते उभारताना पाण्यात उतरलेल्या कामगारांची नावे कोणत्या फरशीवर कोरलेली आहेत? दर्शनास निघालेले कुटुंब त्या पुलावरून जाते, मुले खिडकीतून नदी पाहून हरखतात. त्यांना खुशाल हरखू द्यावे. मात्र पूल ओलांडून होण्यापूर्वी घरातल्या कोणी तरी वडीलधाऱ्याने त्यांना सांगावे की येथे पूर्वी नाव चालत असे, आणि हा पूल माणसांनी आपल्या हातांनी बांधला आहे. एवढे कानी पडल्याने मुलांचे सुख उणे होणार नाही, आणि ऋणाची ओळख मात्र त्यांच्या मनात राहील.