वाचून आलेली भाषा

भाषा येते म्हणजे नेमके काय येते? हा प्रश्न वरवर पाहता शाळेच्या वर्गातला वाटेल. परंतु थोडा विचार करू लागताच तो नीतीच्या प्रांतात शिरतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी आज परकी भाषा शिकत आहेत. कोणी जर्मनीतील रुग्णालयात परिचारिका होण्यासाठी जर्मन शिकते, तर कोणी कॅनडाला जाण्याच्या उमेदीने फ्रेंच. त्यांच्या अभ्यासाची कसोटी एकच असते : बोलता येते का? ही कसोटी आपल्या जागी रास्त आहे. ज्याला रुग्णाची विचारपूस करावयाची आहे, त्याला बोलता आलेच पाहिजे.

पण या कसोटीत न बसणारा एक वेगळा विद्यार्थीही असतो. तो परकी भाषा मुख्यत्वे ग्रंथांतून शिकतो. त्याचा उच्चार अडखळतो. त्या देशाच्या बाजारात त्याला भाजीचा भावही धड विचारता येणार नाही. मात्र चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या लेखकाचे पान तो उलगडून वाचतो आणि त्यात रमतो. त्याला ती भाषा येते असे म्हणावे काय? आणि उत्तम भाषांतरे हाताशी असताना त्याने हा खटाटोप करावाच कशासाठी? या दोन प्रश्नांचा विचार वाचकांसमवेत करावा, असा आमचा मानस आहे.

एका उदाहरणापासून आरंभ करू. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकोव येथील यागीएलोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून अटक करण्यात आली व विद्यापीठाला टाळे लागले. तेथे पोलिश भाषा-साहित्याचा अभ्यास करणाऱ्या कारोल वोयतिवा नावाच्या तरुणावर आधी दगडाच्या खाणीत आणि पुढे सॉल्वे रासायनिक कारखान्यात मजुरी करण्याची वेळ आली. आई व थोरला भाऊ पूर्वीच गेले होते. १९४१ च्या फेब्रुवारीत वडीलही वारले. याच काळात यान तिरानोवस्की या प्रार्थनाशील शिंप्याने त्याला स्पेनचे सोळाव्या शतकातील गूढवादी कवी संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या लेखनाची गोडी लावली. ते लेखन मुळातून वाचता यावे, एवढ्याच हेतूने हा तरुण स्पॅनिश शिकू लागला. पुढे धर्मगुरू झाल्यावर १९४८ साली रोममध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला, तोही याच संताच्या श्रद्धाविचारावर. हाच तरुण १९७८ साली पोप जॉन पॉल दुसरे झाला, हे वाचकांना सांगावयास नकोच.

त्या मजुराच्या जागी आपण असतो तर? स्पेनला जाण्याची वाट बंद होती. त्या भाषेवर पोट भरावयाचे नव्हते. कोणाची परीक्षाही द्यावयाची नव्हती. ज्या एका माणसाचे ऐकण्यासाठी ही धडपड चालली होती, तो १५९१ सालीच मरण पावला होता. व्यवहाराच्या तराजूत या उद्योगाचे वजन शून्य भरेल. परंतु आमच्या मते भाषाशिक्षणाचा एक शुद्ध हेतू येथेच दिसतो. मला त्याच्याशी बोलावयाचे आहे, यापेक्षा मला त्याचे ऐकावयाचे आहे, ही ओढ येथे प्रधान आहे. संभाषणात समोरचा बोलत असताना आपण बहुधा आपल्या उत्तराची जुळवाजुळव करीत असतो. वाचणाऱ्याला ही सवलत नाही. पुस्तकाला मध्येच थांबवून आपले घोडे पुढे दामटता येत नाही. परक्या भाषेचे पुस्तक तर आपल्याला पावलापावलावर थांबवते आणि ‘पुन्हा ऐक’ म्हणून बजावते. या शिस्तीला आम्ही श्रवणाची शिस्त म्हणतो, आणि ती मुळात नम्रतेची शिस्त आहे.

या अभ्यासाची रीत साधी पण कष्टाची आहे. आधी लिपी व उच्चारांचे नियम, मग व्याकरणाचा सांगाडा आणि मग विलंब न लावता प्रत्यक्ष वाचन. ज्याचा आशय ठाऊक आहे असाच मजकूर प्रथम घेणे हिताचे. उधळ्या पुत्राचा दाखला परक्या भाषेत समोर ठेवला, तर बाप काय करणार हे आपल्याला माहीत असते. म्हणून ‘मिठी’, ‘अंगठी’, ‘मेजवानी’ हे शब्द कोश न उघडताच ओळखू येतात. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासावरून असे दिसते की, कोणाच्या मदतीविना एखादे पान नीट समजावयाचे तर त्यातील १०० पैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. तोवर ओळीओळीला कोश चाळण्याला पर्याय नाही. पण तोच शब्द दहा ठिकाणी दहा प्रसंगांत भेटला की, कोशात न सापडणारा त्याचा स्वभाव कळू लागतो. माणसांची ओळखही अशीच होत नाही काय? पत्ता एका दिवसात मिळतो. माणूस कळावयास वर्षे लागतात.

वाचनाला प्राधान्य देण्याचा हा विचार आपल्या उपखंडात एका शिक्षणतज्ज्ञाने हिरिरीने मांडला होता. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकत्वावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विम्याच्या पॉलिसीला जशी ‘सरेंडर व्हॅल्यू’ असते, तशी शिक्षणालाही असावी, असे त्यांचे म्हणणे होते. बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. तोवर त्यांच्या पदरात काय पडते? अर्धवट बोलणे पुढे विसरले जाते. वाचता येऊ लागले तर ज्ञानाचे दार जन्मभर उघडे राहते. म्हणून नवे शब्द मोजूनमापून देणारी वाचनमाला त्यांनी तयार केली. हा विचार मोलाचा आहे. तरीही एक नैतिक शंका येथे उभी राहते. स्वतःहून पत्करलेले मौन वेगळे आणि दुसऱ्याने लादलेले मौन वेगळे. राज्यकर्त्याच्या जातीतील माणसाने पारतंत्र्यातील मुलांना ‘तुम्हांला आमची भाषा वाचता आली म्हणजे पुरे’ असे सांगणे, हेतू कितीही चांगला असला तरी, कानाला खटकते. ऐकण्यात पुण्य असते ते ऐकणाऱ्याने स्वेच्छेने ऐकले तर.

आता दुसरा प्रश्न. भाषांतर असताना मुळाचा हट्ट का? आजकाल तर भ्रमणध्वनीचा कॅमेरा पानावर धरताच परका मजकूर क्षणार्धात आपल्या भाषेत दिसू लागतो. या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचण्यासाठी कोणी भाषा शिकत बसू नये. परंतु संत जॉन यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या विख्यात ‘अंधाऱ्या रात्री’च्या काव्यात आत्मा काळोखातून आपल्या प्रियकराच्या भेटीस निघतो. स्पॅनिशमध्ये आत्म्यासाठी ‘आल्मा’ हा शब्द आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. रात्रीचा ‘नोचे’ हा शब्दही स्त्रीलिंगीच. कवितेतील कृदन्ते स्त्रीलिंगी असल्याने बोलणारी एक स्त्री आहे, हे तेथे व्याकरणच सांगून जाते. इंग्रजी भाषांतरात क्रियापदांना लिंग नसल्यामुळे ही खूण पुसट होते. मराठीत ‘रात्र’ स्त्रीलिंगी आहे, पण ‘आत्मा’ पुल्लिंगी. मात्र आपल्या क्रियापदाला ‘मी निघाले’ असे म्हणण्याची सोय आहे. म्हणजे या एका बाबतीत आपली मराठी इंग्रजीपेक्षा स्पॅनिशला जवळची ठरते! मूळ पानाशी झटल्याखेरीज हे गूज कळले नसते. परक्या भाषेच्या दारात उभे राहिल्यावर स्वतःच्या घराचीही नवी ओळख होते, ती अशी.

मात्र केवळ वाचनाने आलेल्या भाषेचे धोकेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. रोममधील संत पेत्राच्या शृंखलांच्या नावाने असलेल्या मंदिरात मायकेलअँजेलोने घडवलेला मोशेचा पुतळा आहे. त्याच्या मस्तकावर दोन शिंगे आहेत. निर्गम ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात मोशे पर्वतावरून उतरतो, तेव्हा त्याच्या मुखासंबंधी आलेला हिब्रू शब्द ‘क’, ‘र’, ‘न’ या व्यंजनांचा आहे. ‘शिंग’ या शब्दाची व्यंजनेही तीच. त्या काळी हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नव्हती; ती पुढील शतकांत ज्यू विद्वानांनी घातली. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात ‘तेजस्वी’ऐवजी ‘शिंगे असलेला’ असा अर्थ आला, आणि शिल्पकाराने तो संगमरवरात कोरला. शिंग हे वैभवाचे प्रतीक म्हणून जेरोम यांनी तो शब्द जाणूनबुजून योजला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. ते काहीही असो. केवळ अक्षरे हाती असणे आणि त्यांतला आवाज ऐकू येणे यांतील अंतर यावरून लक्षात यावे. जेरोम यांना ते पुरते ठाऊक होते. म्हणूनच वाळवंटातील एकांतात त्यांनी मूळच्या एका ज्यू माणसाकडे हिब्रूचे धडे घेतले, निराश होऊन अभ्यास सोडला, पुन्हा धरला, आणि बेथलेहेमला राहावयास गेल्यावरही ते ज्यू गुरूंचे साहाय्य घेत राहिले.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मॅक्स म्यूलर यांनी १८४९ ते १८७४ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड संपादून प्रसिद्ध केले. भारतीयांनी त्यांना आदराने ‘मोक्षमूलर’ म्हटले. पण त्यांनी भारतभूमीवर कधी पाऊल ठेवले नाही. त्यांच्या कार्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु अशा वाचकाला एक मोह नेहमीच घेरतो : पुस्तकातील देश हाच खरा देश आणि आज तेथे राहणारी माणसे ही त्याची फिकट छाया, असे त्याला वाटू लागते. याउलट १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स चार दशके येथील लोकांत राहिले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ येथल्याच ओवीत छापून निघाले. पुस्तक आपल्याला उलट उत्तर देत नाही. आपला गैरसमज ते मुकाट्याने सहन करते. माणूस तो सहन करीत नाही, हे त्याचे उपकार होत. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत असतो. वाचलेले कळते काय, असे फिलीप विचारतो, तेव्हा वाट दाखवणाऱ्यावाचून कसे कळावे, असे तो मोकळेपणाने म्हणतो आणि त्या पादचाऱ्याला रथात घेतो. वाचून भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या रथात अशी एक जागा मोकळी असली पाहिजे.

तेव्हा आमचे उत्तर असे : वाचून आलेली भाषा ही खरोखर आलेली भाषा आहे, मात्र ती ऋणाच्या रूपाने आलेली असते. ज्याचे आपण ऐकले, त्याच्या लोकांसमोर पुढे कधी तरी नम्रपणे उभे राहून ते ऋण फेडावयाचे असते. कारोल वोयतिवांनी ते फेडले. पोप झाल्यावर १९७९ च्या जानेवारीत ते मेक्सिकोला गेले आणि तेथील लोकांशी स्पॅनिशमध्ये बोलले. १९८२ च्या नोव्हेंबरात ते स्पेनमधील सेगोव्हिया येथे संत जॉन यांच्या समाधीपाशी पोहोचले, आणि ज्या संताचे त्यांनी तरुणपणी पानांतून ऐकले होते, त्याच्याविषयी त्याच्याच भाषेत त्याच्या लोकांशी बोलले.

या विचाराचा आपल्या घरांशी फार जवळचा संबंध आहे. मेलेली माणसे आपल्याशी बोलतात ती त्यांनी ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत. आज आपल्या वसईच्या कितीतरी घरांत मुले सामवेदी, वाडवळी वा मराठी सहज बोलतात. परंतु इंग्रजी माध्यमामुळे मराठीचे छापील पान त्यांना परके झाले आहे. आजोबांची पत्रे, आजीने वहीत उतरवून ठेवलेली गीते आणि या त्रैमासिकाचे जुने अंक कपाटात आहेत; पण ती वाचणार कोण? येथे धाकदपटशा उपयोगी नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मचरित्रात सांगतात की, दायांच्या लाडिक बोलण्यातून लॅटिन त्यांना सहज आली, आणि शिक्षेच्या भीतीखाली शिकवलेली ग्रीक त्यांच्या मनातून उतरली. भीतीपेक्षा मोकळे कुतूहलच भाषा शिकवते, हा त्यांचा निष्कर्ष आईबापांनी ध्यानात ठेवावा.

उपाय लहानसाच आहे. रविवारचे शुभवर्तमान मुलाला इंग्रजीत ठाऊक असते. तेच त्याने शनिवारी सायंकाळी मराठीत वाचावे, आणि घरातील वडीलधाऱ्याने शेजारी बसून अडलेला शब्द तेवढा सांगावा. आठवड्याला एक पान. गुण नकोत, बक्षीस नको. वर्षभरात बावन्न पाने होतील, आणि त्यानंतर आजोबांचे एखादे पत्र त्याच्या हाती देता येईल. लिहिणारा आज हयात नसला, तरी आपले ऐकावयास कोणी बसले आहे, यातच त्याच्या लिहिण्याचे सार्थक आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा आपल्याला मिळाली आहे, तिच्यात त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकून घेणेही येते. आणि आपल्या आधी या घरात राहून गेलेली माणसे आपले पहिले शेजारी आहेत.