बकरीनं खाल्लेलं गवत

बकरीनं माझ्या जागेतला पाला खाल्ला, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे? मी बकरीवालीला, की तिनं मला? गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीच्या बैठकीत या प्रश्नावर दीड तास गेला आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला. मला तो दीड तास वाया गेला असं वाटत नाही.

बोईसर-पालघर पट्ट्यात राहणाऱ्यांना पार्श्वभूमी सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. इथे बंगल्यांचे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहती पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलेले. मालक बोरिवलीत, भाईंदरला, नाहीतर थेट दुबईत. जूनमध्ये पाऊस लागला की या रिकाम्या जागांवर आधी टाकळा उगवतो. कोवळा असताना त्याची भाजी होते, म्हणून तेवढे दिवस त्याला कोणी नावं ठेवत नाही. गणपतीपर्यंत तो कमरेला लागतो, मग रानमोडी, घाणेरी, त्यांच्यावर चढलेले वेल, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यातून निघणारी घोणस. मालकाला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "कोणाला तरी सांगून साफ करून घ्या ना, मी जीपे करतो." उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण आम्ही अशी शब्दशः जगतो.

साफ करायचे मार्ग ठरलेले आहेत. पाड्यावरच्या बाया विळा-कोयता घेऊन रोजावर येतात. पेट्रोलवरचं ग्रासकटर आहे. सगळं वाळलं की काडी लावणारे आहेत. आणि तणनाशक आहे. ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली, पण फवाऱ्याचा मोह सुटलेला नाही. यंदा कोणीतरी बकऱ्यांची कल्पना काढली. अर्थातच मोबाइलवर वाचून: २००९ साली गूगलनं कॅलिफोर्नियातल्या आपल्या मुख्यालयाभोवतीचं गवत काढायला सुमारे दोनशे बकऱ्या भाड्यानं आणल्या होत्या, आणि खर्च यंत्रानं कापण्याइतकाच आला असं कंपनीनंच सांगितलं होतं. गूगलचं नाव निघाल्यावर बैठकीत विरोध उरला नाही.

जवळच्या पाड्यावरच्या एक बाई बावीस बकऱ्या राखतात. त्यांना बोलावलं. त्यांनी आकडा सांगितला, दोन माणसांच्या रोजाइतका, जितके दिवस लागतील तितके दिवस. आमचे खजिनदार चमकले. "मावशी, चारा फुकट मिळतोय तुम्हाला. खरं तर तुम्हीच आम्हाला द्यायला पाहिजेत."

बाई म्हणाल्या, "चारायच्या तर मी कुठं पण चारीन, शेठ. तुमचा प्लॉट साफ करायचाय ना? मग ते काम झालं."

खजिनदारांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. दोघांनाही लाभ होतोय. एकाची अडगळ दुसऱ्याचं अन्न आहे. भंगारवाला जुने पेपर नेताना आपल्यालाच पैसे देतो, मग बकरीवालीनं का देऊ नयेत? पण दोघांचा लाभ आहे एवढ्यावरून पैसे कोणत्या दिशेनं जातील हे ठरत नाही. त्याचा पुरावा आपल्याच मुलखात आहे. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले धनगर भातं कापून झाली की घाट उतरून कोकणात येतात, मेंढ्या शेतात बसवतात. मेंढ्यांना खायला मिळतं, शेताला लेंडीखत मिळतं. व्यवहार अगदी आमच्यासारखाच, दोन्हीकडून फायद्याचा. पण तिथे जागेचा मालक कळपाच्या मालकाला देतो, पूर्वी धान्य, आता बऱ्याचदा रोख. कळपाच्या मालकानं चाऱ्याचे पैसे मोजावेत असं तिथे कोणाला सुचलं नव्हतं. पुढे खत पोत्यातून मिळू लागलं आणि मेंढ्यांची गरज कमी वाटू लागली. लेंड्या त्याच, मेंढ्याही त्याच. पण शेतकऱ्याला दुसरा पर्याय मिळाला आणि धनगराची घासाघीस करायची ताकद गेली. किंमत लाभावरून ठरत नाही, कोणाचं कोणावाचून अडतं यावरून ठरते. ती न्याय्य आहे का, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

या न्यायाच्या प्रश्नावर जॉन लॉकचा एक परिच्छेद मला नेहमी खटकत आला आहे. खाजगी मालमत्ता कुठून येते हे सांगताना १६८९च्या आपल्या प्रबंधात तो म्हणतो की सामाईक वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. इथवर ठीक. पण उदाहरणं देताना तो आपल्या घोड्यानं चरलेलं गवत आणि आपल्या नोकरानं कापलेली माती-गवताची ढेकळं एकाच ओळीत बसवतो आणि दोन्ही मालकाच्या खात्यात जमा करतो. घोड्याचं तोंड आणि नोकराचा हात, दोन्ही मालकाच्या श्रमाचाच विस्तार! श्रमानं हक्क निर्माण होतो म्हणणाऱ्या सिद्धांतात प्रत्यक्ष कापणाराच गायब आहे. आमच्या खजिनदारांनी लॉक वाचलेला नाही. वाचायची गरजही नव्हती, तो आपल्या हवेत आहे.

आणि आमच्या जिल्ह्यात तर गवत आणि कापणारा यांचा हिशेब रक्तानं लिहिलेला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा. इथल्या जमीनदारांच्या कुरणांतलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि ते कापायचे वारली. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी मागणी केली, की पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळाले पाहिजेत. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. ऑक्टोबरात संप झाला, तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह माणसं मेली. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं असतं, पण ते वेठबिगारीचं म्हणून लक्षात राहतं. त्या लढ्यातली एक मोठी मागणी गवत कापण्याच्या दराची होती, हे विसरायला होतं. त्याच मातीत बसून "तुम्हाला चारा फुकट मिळतोय" असं म्हणताना आपण कोणत्या रांगेत उभे राहतोय, एवढं तरी माहीत असावं.

शिवाय तो चारा फुकट कसा झाला? प्लॉट पाडण्याआधी ही भातजमीन होती आणि तिच्या कडेचं मोकळं रान. भात निघालं की गुरं, बकऱ्या सगळीकडे फिरत. कोणी कोणाला विचारत नसे. मग कंपाउंडच्या भिंती आल्या. भिंतीच्या बाहेर बाईंच्या बकऱ्यांचं रान आखडलं आणि भिंतीच्या आत, खाणारं तोंडच न उरल्यानं, जंगल माजलं. तिची टंचाई आणि आमची अडगळ एकाच भिंतीनं निर्माण केली आहे. लॉकनं मालकीला एक अट घातली होती, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. ती अट प्लॉटच्या नकाशात मला कुठे दिसली नाही. फाटक वर्षभर बंद ठेवायचं, मग महिनाभर उघडून त्याला उपकार म्हणायचं, हे मला पटत नाही.

पण बाईंच्या उत्तरातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. चारणं आणि साफ करणं यात त्यांनी फरक केला. बकरी स्वभावानं निवडून खाणारी. गाय गवत सरसकट ओढते. बकरी झुडपाशी जाते, मागच्या पायांवर उभी राहते, कोवळा शेंडा तोडते, पुढे जाते. मोकळ्या रानात ती टाकळ्याकडे फारशी बघत नाही, घाणेरी टाळते. घाणेरीनं बकऱ्यांचं यकृत बिघडतं, कण्हेरीनं जीव जातो. म्हणजे प्लॉट-मालकाला जे नेमकं नको आहे, त्यातलं बरंच बकरीलाही नको आहे. ते तिनं खावं असं वाटत असेल तर एकच उपाय, तिला कोंडा आणि दुसरं काही देऊ नका. भाड्यानं बकऱ्या पुरवण्याचा धंदा विजेच्या कुंपणावर चालतो तो उगाच नाही. चरण्यात बकरीला नको म्हणायची मुभा असते. साफसफाईच्या कंत्राटात तिची भूक हे अवजार होतं आणि अवजाराला आवडनिवड नसते.

म्हणून तिथे राखणारा माणूस लागतो. बकरी कुठे थांबवायची, कोणत्या झाडाजवळून हाकलायची, पोट फुगलं हे कधी ओळखायचं, यासाठी. गूगलच्या बातमीत सगळ्यांना बकऱ्या आठवतात, त्यांच्यामागे एक गुराखी होता हे कोणाला आठवत नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियात हा धंदा अडचणीत आला तो याच माणसावरून. शेतमजुरांच्या ओव्हरटाइमचे नियम बकऱ्या राखणाऱ्यांना पूर्ण लागू केले, तर महिन्याला सुमारे ३,७०० डॉलरच्या जागी १४,००० डॉलर द्यावे लागतील असा हिशेब निघाला, कारण तो दिवसाचे चोवीस तास कामावर असतो. हे काम करणारे बरेचसे पेरू देशातून तात्पुरत्या परवान्यावर आलेले. पर्यावरणस्नेही म्हणून कौतुक झालेलं हे काम स्वस्त का होतं, ते असं आकड्यात दिसलं. बाई आमच्याकडे मागत होत्या ते याच लक्ष ठेवण्याचे पैसे. बकरीच्या भुकेचं बिल त्यांनी लावलं नव्हतं.

तारापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते, आणि तिच्याबद्दल बैठकीत कोणीच बोललं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं, म्हणजे सर्वांत प्रदूषित. विळ्यानं कापलेलं तण कचऱ्यात जातं. बकरीनं खाल्लेलं तण दुधात जातं, आणि ते दूध तिच्या घरातली लहान मुलं पितात. बकरी ईदला बोकड विकला जातो, म्हणजे आणखी कोणाच्या तरी ताटात. एखाद्या प्लॉटवर गेल्या महिन्यात फवारा मारला होता का, नाल्याचं पाणी तिथे पसरतं का, हे प्लॉटवाल्याला माहीत असतं, बाईंना नाही. भूक भाड्यानं घ्यायची, तर तिच्यात काय जाणार हे सांगण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. मजुरीचा दर हा त्यातला सोपा भाग आहे.

शेवटी बाईंचा आकडा मान्य झाला. मी तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या: फवारलेल्या प्लॉटची यादी आधी द्यायची, पाण्याची टाकी सोसायटीनं भरायची, आणि आत असताना बकरी दगावली तर भरपाई. पहिल्या दोन्हींना कोणाची हरकत नव्हती. तिसऱ्यावर एक दुबईचे सभासद फोनवरून म्हणाले, की कापणाऱ्या बायांना साप चावला तर आपण काही देतो का, मग बकरीला कशाला? प्रश्न त्यांनी बकरीचं कलम पाडायला विचारला होता. मी तो इतिवृत्तात जसाच्या तसा घ्यायला लावला आहे. कापणाऱ्या बायांचे रोज या वर्षी बकऱ्यांमुळे बुडाले, त्यांच्याबद्दल काय, हाही विषय त्याच पानावर आहे. पुढच्या बैठकीत पाण्याच्या टाकीच्या आधी तो घ्यायचा आहे.