पुन्हा तेच सुख: वार्षिक पास आणि भोगाभ्यासाचा प्रश्न

थीम पार्कचा वार्षिक पास वारंवार जाणाऱ्याला परवडतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अंकगणिताचा आहे आणि त्या पातळीवर त्याचे उत्तर अवघडही नाही. पासच्या किमतीला एका दिवसाच्या तिकिटाच्या किमतीने भागावे आणि जो आकडा येईल त्याहून अधिक वेळा जाणे होणार असेल तर पास घ्यावा, असा तो सरळ हिशेब आहे. मात्र या भागाकारात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते, ती अशी की पहिल्या भेटीचे सुख आणि सातव्या भेटीचे सुख ही एकाच मोलाची नाणी असून त्यांची बेरीज करता येते. तेच सुख पुन्हा घेतले की ते दुणावते, विटते, की त्याची जातच पालटते, हा तत्त्वचिंतनातला फार जुना प्रश्न आहे. वार्षिक पास तो अगदी रोजच्या व्यवहारात आणून उभा करतो, म्हणून त्याचा विचार या अंगाने करणे उचित ठरते.

पासमागचा व्यवहार कसा घडत गेला, हे कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १७ जुलै १९५५ रोजी हे उद्यान उघडले तेव्हा प्रौढांना प्रवेशशुल्क एक डॉलर होते आणि आतल्या राइडचे पैसे वेगळे पडत. त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका आली, तिच्यात राइडच्या आकर्षणानुसार ‘ए’पासून पुढे श्रेणी होत्या आणि १९५९ मध्ये सर्वांत रोमहर्षक राइडसाठी ‘ई’ श्रेणी जोडली गेली, त्यामुळे प्रत्येक कुपन फाडण्याआधी पाहुण्याला त्या सुखाचे मोल मनाशी ठरवावे लागे. अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्ये, डिस्नेलँडचेच नाव शीर्षकात घेऊन लिहिलेल्या निबंधात या रचनेचा द्विस्तरीय आकारणी म्हणून विचार केला, म्हणजे दाराशी एक रक्कम आणि आत प्रत्येक वापरामागे दुसरी, आणि वापरामागची रक्कम खाली आणून दाराशीच भरपूर घेणे मालकाच्या लाभाचे कसे ठरू शकते, हे त्यांनी दाखवले. १९८२ मध्ये कुपने बंद होऊन दिवसभराच्या सर्व राइड एकाच तिकिटात आल्या, आणि त्याच दशकात रुजलेल्या वार्षिक पासने हे तत्त्व वर्षभर ताणले. पुढच्या राइडप्रमाणेच पुढची भेटही आता त्या क्षणापुरती फुकट झाली.

ऑगस्ट २०२१ मध्ये या उद्यानाने ‘मॅजिक की’ नावाने नवे पास आणले, त्यांतल्या एका मधल्या पासची किंमत ६४९ डॉलर होती आणि एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट गर्दीच्या मानाने १०४ ते १५४ डॉलर होते. वरच्या दराने हा पास पाचव्या भेटीत वसूल होतो, खालच्या दराने सातव्या. कमी किमतीच्या पासना गर्दीच्या दिवशी मज्जाव असल्यामुळे खालचा दर धरणेच प्रामाणिकपणाचे. येथे ‘वसूल’ हा शब्द सहज येतो, पण तो देण्याघेण्याच्या, सारा आणि कर्जाच्या जगातला आहे, आणि पास वसूल करायला निघालेला माणूस स्वतःच्याच सुखाकडे सावकाराच्या नजरेने पाहू लागतो.

हे केवळ रूपक नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की व्यायामशाळेचे मासिक सभासदत्व घेणारे लोक महिन्याला सरासरी ४.३ वेळाच जात आणि प्रत्येक खेपेला त्यांना १७ डॉलरांहून अधिक खर्च पडे, दहा खेपांचा पास घेतला तर मात्र एक खेप दहा डॉलरांना पडत होती. पास घेणारा पुष्कळदा आपण किती वेळा जातो याचा विचार करत नाही, आपण किती वेळा जाणारे व्हावे याचा करतो. दुसऱ्या बाजूने, आर्क्स आणि ब्लूमर यांच्या १९८५ च्या प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटाला पूर्ण पैसे मोजणारे प्रेक्षक, सवलत मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना गेले, आणि उत्तरार्धात हा फरक उरला नाही. मोजलेल्या पैशाचा रेटा काही महिने माणसाला ढकलत नेतो आणि मग ओसरतो. तो ओसरल्यावर जे जाणे उरते, तेच त्याचे स्वतःचे जाणे असते, आणि तत्त्वचिंतनाचा खरा विषय तेथून पुढे सुरू होतो.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात ‘भोगाभ्यास’ असा एक नेमका शब्द आहे. भोग म्हणजे विषयाचा उपभोग आणि अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. भोगाच्या अभ्यासाने इंद्रिये तृप्त होऊन शांत होतील ही आशा भाष्यकार नाकारतो, कारण त्याच्या मते या अभ्यासामागोमाग दोन गोष्टी वाढतात: एक राग, म्हणजे विषयाची ओढ, आणि दुसरी इंद्रियांचे कौशल्य. खांडेकरांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा झालेला ययाती या पहिल्या वाढीचे उदाहरण आहे. महाभारतातल्या कथेत पुरूचे तारुण्य हजार वर्षे भोगूनही त्याची वासना शमली नाही आणि ते तारुण्य त्याने अखेर परत केले. राग वाढतो ही गोष्ट बहुतेक उपदेशांत येते. परंतु कौशल्यही वाढते, हे भाष्यकाराचे निरीक्षण अधिक सूक्ष्म आहे आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वारंवार जाणाऱ्याचे डोळे आणि कान तरबेज होतात. प्रश्न इतकाच, की ते कशासाठी तरबेज होतात.

डिस्नेलँडमधल्या न्यू ऑर्लीन्स स्क्वेअर या भागातल्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे राहिले की तारयंत्राचा कडकट्ट आवाज सतत ऐकू येतो. पहिल्यांदा आलेल्याच्या लेखी तो नुसता जुन्या काळाचा साज असतो, आणि गाडी आली की तो विसरून जातो. वास्तविक ती यंत्रे उद्यानाच्या उद्घाटनदिनी वॉल्ट डिस्ने यांनी वाचलेल्या अर्पणपत्रिकेचे सुरुवातीचे शब्द जुन्या अमेरिकी तारसंकेतात वाजवत असतात. तो संकेत जाणणारे आज फार थोडे, तरीही बांधणाऱ्यांनी तेथे निरर्थक टकटक ठेवली नाही, खरे शब्द ठेवले. एका दिवसाचे तिकीट काढून, रांगांचे गणित सांभाळत धावणाऱ्या कुटुंबाला हे ऐकायला सवड नसते, आणि त्यात त्यांचा दोष काहीच नाही. सवड विसाव्या भेटीला मिळते.

काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ रसिकाचे वर्णन करताना म्हटले आहे की काव्याच्या अनुशीलनाचा, म्हणजे मन लावून पुन्हा पुन्हा केलेल्या परिशीलनाचा अभ्यास घडल्याने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि जे वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतात, ते सहृदय. येथेही अभ्यास हाच शब्द आहे आणि पुनरावृत्तीही तीच आहे, तरी एका शास्त्रकाराला तिच्यात बंधन दिसते आणि दुसऱ्याला पात्रता. दोघेही खरे आहेत, कारण दोघे लक्षाच्या दोन वेगळ्या दिशांबद्दल बोलत आहेत. भोगाभ्यासात लक्ष स्वतःला किती सुख झाले याकडे असते, अनुशीलनात ते समोरच्या वस्तूकडे असते. डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्द यांच्या १८४३ च्या ‘पुनरावृत्ती’ या ग्रंथातला निवेदक, सुख पुन्हा घेता येते का हे तपासण्यासाठी, पूर्वी राहिलेल्या बर्लिनमधल्या त्याच घरी आणि त्याच नाट्यगृहात जातो आणि निराश होऊन परततो. त्याच्या निराशेचे एक कारण असे दिसते की तो नाटक पाहायला गेलाच नव्हता, तो मागच्या खेपेच्या आपल्या आनंदाशी आजचा आनंद ताडून पाहायला गेला होता.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की यंत्राने चालणारी राइड हे काही काव्य नव्हे. आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. ज्या उद्यानात केवळ वेग आणि उंचीचा झटका विकला जातो तेथे पास घेणे तत्त्वतः कमी मोलाचे आहे, कारण शरीराला झटक्याची सवय होते आणि मग त्याला मोठा झटका हवा असतो. ययातीची वाट तीच. उलट ज्या जागेत कारागिरांनी पहिल्या नजरेला न दिसणारे काही पेरून ठेवले आहे, ती जागा पुनरावृत्ती सोसते आणि मागतेही. डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून चालू असलेल्या समुद्री चाच्यांच्या राइडमध्ये नाव आधी कृत्रिम सायंकाळीत, काजव्यांच्या उजेडात, काठावरच्या उपाहारगृहाजवळून संथपणे सरकते. या पहिल्या मिनिटाला काहीच घडत नाही, आणि वारंवार येणाऱ्यांपैकी काहींना तेच मिनिट सर्वांत प्रिय असते.

म्हणून पासचे खरे देणे भागाकारात सापडत नाही. तो तासाभरासाठी येण्याची मोकळीक देतो: संध्याकाळी यावे, बाकावर बसावे, तारयंत्राचा कडकट्ट ऐकावा, एकही राइड न घेता परतावे. मराठीत ‘वारी’ हा शब्द मुळात फेरी, खेप अशाच अर्थाचा आहे, आणि कितवी वारी हे मोजणारा वारकरीही ती वसूल झाली का असे विचारत नाही. ही तुलना देवस्थान आणि करमणूक यांना एका पंक्तीला बसवण्यासाठी केलेली नाही, वारीची तिथी ठरलेली असते आणि तिच्या दाराशी तिकीट नसते. पुनरावृत्तीला हिशेबाबाहेर ठेवण्याची रीत माणसाला माहीत आहे, एवढेच तिच्यातून दिसते.

या दृष्टीने पाहता २०२१ मधला बदल किमतीच्या वाढीपेक्षा गंभीर होता. कोविडच्या साथीमुळे वर्षाहून अधिक काळ बंद राहिलेल्या डिस्नेलँडने जुनी पासयोजना जानेवारी २०२१ मध्ये संपवली आणि नव्या पासबरोबर प्रत्येक भेटीचे आगाऊ आरक्षण बंधनकारक केले. सर्वांत महाग पासला मज्जावाचे दिवस नाहीत असे सांगितले गेले होते, तरी काही दिवशी त्याच्या धारकांना आरक्षण मिळेना. त्यावरून झालेला दावा २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला. दाव्याचा विषय दिलेला शब्द हा होता, आणि तो रास्तच होता. परंतु त्या पासमधून गेलेली जी गोष्ट कोणत्याही दाव्यात मांडता आली नसती, ती म्हणजे आधी काही न ठरवता सहज येण्याची मुभा. आरक्षण करून आलेला पाहुणा ठरल्या दिवशी येतो, आणि दिवस राखून ठेवला की त्याचे काहीतरी झाले पाहिजे असे वाटू लागते, मग तो बाकावरून लवकर उठतो.