मुदपाकखान्यातील उपासना

ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगायला बसणाऱ्याचे लक्ष साहजिकच मोठ्या प्रसंगांकडे वेधले जाते. दमास्कसच्या वाटेवर शौलाला दिपवून टाकणारा तो प्रकाश, किंवा मिलान येथील बागेत ऑगस्टीनच्या अंतःकरणात उसळलेला तो कल्लोळ, यांच्यापुढे रोजची भांडी घासणे, आजाऱ्याची उशी नीट करणे, दारी आलेल्याला पाणी देणे या गोष्टी नोंदीला पात्र तरी का ठराव्यात, असे कोणालाही वाटेल. तथापि ज्या शुभवर्तमानावर ही श्रद्धा उभी आहे, त्यातच गार पाण्याच्या एका प्याल्याचेही फळ बुडणार नाही अशी ग्वाही आहे, आणि मरणाच्या आदल्या रात्री गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचा वृत्तांतही आहे. बीज असे आरंभीच पडले होते. परंतु त्याचा अर्थ प्रत्येक युगाने आपापल्या परीने लावला, आणि तो कसकसा पालटत गेला हे पाहणे उद्बोधक आहे.

सहाव्या शतकात इटलीतील मॉन्ते कॅसिनो येथे बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्यात स्तोत्रपठणाच्या बरोबरीने स्वयंपाकघराच्या बंदोबस्तालाही स्थान आहे. मठाच्या कोठावळ्याने तेथील सारी भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, अशी तिची आज्ञा आहे. स्वयंपाकाची पाळी आठवड्याआठवड्याने बदले. शनिवारी पाळी संपविणाऱ्याने सर्व काही स्वच्छ करावे, बंधूंनी हातपाय पुसलेली फडकी धुवावीत, येणाऱ्या पाळीकऱ्यासह सर्वांचे पाय धुवावेत आणि भांडी धड व निर्मळ स्थितीत कोठावळ्याच्या हवाली करावीत, म्हणजे काय दिले व काय परत आले याचा हिशेब त्याच्यापाशी चोख राहील. पाय धुण्याचा विधी आणि भांड्यांची मोजदाद ही दोन्ही एकाच कलमात बसविणाऱ्या या पुरुषाला भक्ती आणि कारभार यांत भिंत उभारण्याची गरज भासलेली दिसत नाही.

पुढे सुमारे हजार वर्षांनी मार्टिन ल्यूथरने हा विचार मठाच्या आवाराबाहेर काढून संसारी माणसाच्या घरात आणला. 1522 साली विवाहाविषयी लिहिताना त्याने असे म्हटले, की बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला शेजारीपाजारी खुशाल हसोत, तो जर ते काम श्रद्धेने करीत असेल तर देव आणि देवदूत त्याच्याकडे पाहून प्रसन्न होतात. आपल्या सत्कृत्यांची गरज देवाला नसून शेजाऱ्याला आहे, हे त्याच्या शिकवणीचे सार होय. त्यायोगे लहान कामाचे मोल करणाऱ्याच्या पुण्यसंचयावरून न ठरता ज्याची अडचण दूर झाली त्याच्यावरून ठरू लागले.

सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्सने हाच प्रवाह पुन्हा अंतर्मुख केला. युद्धात जखमी होऊन पायाने अधू झालेला हा शिपाई पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला, तेथील मुदपाकखान्यात, स्वयंपाकाची उपजत नावड असताना, वर्षानुवर्षे राबला, उतारवयात वहाणा दुरुस्त करीत राहिला आणि 1691 साली वारला. चहूकडून हाका येत असतानाही प्रार्थनेच्या घटकेइतकीच ईश्वराची संगत आपल्याला लाभते, असे तो सांगे. दळणकांडणात विठ्ठलाला सोबतीला घेणारी जनाबाई ज्याच्या परिचयाची आहे, अशा मराठी वाचकाला लॉरेन्स परका वाटण्याचे कारण नाही.

परंतु नेमकी येथेच एक शंका उद्भवते, आणि ती लॉरेन्स व जनाबाई या दोघांच्याही बाबतीत लागू आहे. लॉरेन्स हा सेवेकरी बंधू होता. उपासना चालविणारे विद्यावंत निराळे आणि श्रम करणारे निराळे, अशी त्या मठाची वाटणी होती. भांडी घासताना देव भेटतो हे मान्य केले, तरी ती घासण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच माणसांच्या गळ्यात का असावे, हा प्रश्न त्या भेटीने सुटत नाही. उलट वरच्या पायरीवर बसलेल्याला खालच्याचे समाधान फार सोयीचे पडते.

1897 साली अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या लिझ्यूच्या मठातील तेरेझने या विचारात माणसाचा चेहरा पुन्हा स्पष्ट केला. तिने आत्मकथनात एका वृद्ध, आजारी भगिनीची हकिकत दिली आहे. रोज सायंकाळी तिच्या कमरपट्ट्याला मागून आधार देत तिला भोजनगृहात न्यावे लागे. पाऊल भरभर पडले तर आपण पडू म्हणून ती कुरकुरे. सावकाश पडले तर तुझा हात मला जाणवतच नाही म्हणून तक्रार करी. स्थानापन्न झाल्यावर तिच्या बाह्या तिला हव्या त्याच पद्धतीने दुमडायच्या. मग तेरेझच्या ध्यानात आले, की अधू हातांनी पाव कापताना तिला फार कष्ट पडतात. तेव्हापासून कोणी न सांगता पाव कापून दिल्याशिवाय ती तेथून निघत नसे. या अल्पायुषी जोगिणीला 1997 साली रोमन चर्चने आचार्यपद दिले.

महाराष्ट्रात मात्र लहान कृत्याला निराळेच वजन आले, कारण येथे पाण्याचा प्याला कोणाच्या हातचा, यावर सारी समाजरचना तोललेली होती. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नव्हते. जाती देवाने केल्या की माणसांनी, या विचाराने एके दिवशी त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात याचे वर्णन अगदी घरगुती भाषेत येते, वस्तुतः शतकांचा निर्बंध एका स्वयंपाकघरात मोडला होता. इंग्लंडात असताना पतित स्त्रियांची ममतेने शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना पाहून पंडिता रमाबाईंनी याचे कारण विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली; तीही पाणी मागण्याचीच कथा आहे. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे निराधार मुली शेती, विणकाम व छापखान्यातील खिळेजुळणी शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे छापकामही तेथेच झाले.

दैनंदिन लहान क्षण श्रद्धेला घडवितात हे म्हणूनच अर्धे सत्य आहे. ते माणसाला नम्र करतात तसेच त्याला त्याच्या जागी गप्पही बसवू शकतात; कोणते घडेल हे त्या क्षणी समोरच्याशी असलेले अंतर घटते की कायम राहते, यावर अवलंबून असते. ज्याने भांडी घासली त्याच्या हातचे पाणी प्यायल्यावाचून त्याच्या कामाचे माहात्म्य गाण्याचा हक्क कोणालाही पोचत नाही.