नावाआधीची चार वर्षं

सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या मेजवानीसाठी राष्ट्रपतींनी पाठवलेल्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असं छापलं गेलं. तेव्हापासून एक विधान व्यासपीठांवरून छातीठोकपणे केलं जातं : ‘इंडिया’ हे इंग्रजांनी लादलेलं नाव आहे, ते टाकल्याशिवाय गुलामी जाणार नाही. हे विधान खोटं आहे. ज्यांना ते खोटं असल्याचं ठाऊक आहे असे विद्वानही टाळ्यांच्या गजरात गप्प बसतात, याचा मला अधिक संताप येतो.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात या भूमीबद्दल लिहिलं, तेव्हा इंग्लंड नावाचा देश जन्मालाही आला नव्हता. त्याआधी इराणच्या दरायसच्या शिलालेखांत ‘हिंदुश’ प्रांत येतो. सिंधूचा ‘स’ इराण्यांच्या तोंडी ‘ह’ झाला, ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला, आणि ‘इंडिया’ तयार झालं. आमच्या जिल्ह्याला वर्धा नदीने नाव दिलं, तसं ‘इंडिया’ला सिंधूने दिलं.

‘भारत’चा प्रवासही असाच आहे. महाभारत दुष्यंत-शकुंतलेच्या भरताकडे बोट दाखवतं, जैन परंपरा ऋषभदेवांच्या पुत्राकडे. त्याही मागे गेलं तर ऋग्वेदातले भरत भेटतात. त्यांच्या सुदास राजाने परुष्णीच्या, म्हणजे आजच्या रावीच्या, काठी दाशराज्ञ युद्ध जिंकलं. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात कलिंगचा खारवेल ‘भरधवस’वर स्वारी केल्याचं नोंदवतो. अर्थात त्याच्या लेखी कलिंग त्या प्रदेशाबाहेर होता. हिमालयापासून समुद्रापर्यंतची व्याप्ती या नावाला पुराणांनी दिली. रावीचं पाणी शेवटी सिंधूलाच मिळतं. एकाच खोऱ्यात उगम पावलेल्या, लहान मुलखापासून वाढत गेलेल्या या दोन नावांपैकी एकाला देशी आणि दुसऱ्याला गुलामीचं ठरवायला इतिहासात आधार नाही.

१८ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासभेने हाच प्रश्न निकाली काढला. ‘भारत’ला अग्रक्रम द्यावा अशी ह. वि. कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली आणि पहिल्या अनुच्छेदात दोन्ही नावं राहिली. २०२० मध्ये नाव बदलण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी ‘भारत’ हे नाव राज्यघटनेत आधीपासून आहेच, याकडे लक्ष वेधलं.

वाद इथे संपायला हवा होता. पण वर्ध्याच्या माणसाला एक आक्षेप टाळता येत नाही. गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावचं सेवाग्राम केलंच ना? गावाचं नाव बदलता येतं, तर देशाचं का नाही?

हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण नावाने काहीच घडत नाही असं मी म्हणू शकत नाही. सेवाग्राम या नावाने पुष्कळ घडलं. मात्र ते नाव कसं आलं, हे पाहायला हवं. गांधीजी १९३६ मध्ये त्या खेड्यात राहायला आले. नाव बदललं १९४० मध्ये. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाई, ही रोजची अडचण होती. आणि मधल्या चार वर्षांत तिथे मैला साफ झाला, गावकऱ्यांचा रोष सोसला गेला, नई तालीम सुरू झाली, कुष्ठरोगाने गांजलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा झाली. सेवा आधी झाली, मग सेवाग्राम हे नाव आलं. म्हणून नामांतराला माझा तात्त्विक विरोध उरत नाही. माझा प्रश्न त्याआधीच्या चार वर्षांचा आहे.

इथे शेतकरी नेते शरद जोशींना बाजूला ठेवून पुढे जाताच येत नाही. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि त्या शेतीच्या हिशेबातून ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही मांडणी केली. तिचा अर्थ शहर विरुद्ध खेडं एवढाच लावतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. इंग्रज गेल्यावर शोषणाचा वारसा ज्यांच्याकडे आला तो इंडिया, आणि इंग्रज गेल्यावरही ज्यांचं शोषण चालू राहिलं तो भारत, असं ते सांगत. हा भारत वर्ध्याने पाहिला आहे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी गावाच्या नावानिशी लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. स्वातंत्र्यानंतर, १९७२ च्या एकाधिकार खरेदी योजनेत, त्याच हिंगणघाटच्या शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर विकायची मुभा राहिली नाही. घटनेचा पहिला अनुच्छेद या देशाला राज्यांचा संघ म्हणतो. कापूसवाल्यासाठी मात्र राज्याची सीमा परदेशाच्या सीमेसारखी झाली. तेव्हा पाटीवर ‘इंडिया’ होतं की ‘भारत’, याने त्याच्या पट्टीत एका पैशाचा फरक पडला नसता.

‘भृ’ म्हणजे भरणपोषण करणं. ‘भरत’ या शब्दाच्या मुळाशी हाच धातू आहे. पोसणाऱ्याला जगता येत नसेल, तर ते नाव उच्चारण्याचा अधिकार आपण गमावतो.

म्हणून नामांतराचा आग्रह धरणाऱ्यांना माझं सांगणं आहे : दोन्ही नावं आपली आहेत, दोन्ही राहू द्या. तरीही एकच हवं असेल, तर सेवाग्रामच्या क्रमाने या. आधी शेतमालाच्या बाजारावरची बंधनं काढा, शेतकऱ्याला त्याच्या घामाचं दाम मिळू द्या. त्यानंतर नावासाठी ठराव आणा. त्याच्या बाजूने पहिला हात मी वर करीन.